लोखंडाच्या जुड्या

माझ्या आईचं लग्न जमलं तेव्हा मुलाकडच्यांनी काही मागितलं नाही. मागितलं ते मुलीच्या बापानं. हिवरखेडला आमच्या मळ्यातल्या चिंचेखाली बैठक बसली होती, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती, आणि आबाजींनी घसा खाकरला.

"पोरगी देतो," ते म्हणाले. "पण जवाईबुवा मोटर घेऊन जंगलात जातीन, तवा सामानाची पेटी मी भरीन. दुसऱ्या कोनाचा हात तिले लागला नाई पाह्यजे."

बैठक हसली. हसण्यासारखंच होतं ते. माझे आबाजी, म्हणजे आईचे वडील भगवंतराव, पिढीजात माळी. वांगी, मेथी, रताळी आणि दसऱ्यापुरता झेंडू, यापलीकडे त्यांचा जगाशी व्यवहार नव्हता. मोटारीत ते जन्मात बसले नव्हते. बैलाच्या मागून जाऊ नये आणि मोटारीच्या पुढून जाऊ नये, एवढंच त्यांचं मोटारीविषयीचं ज्ञान. आणि हा माणूस म्हणतो, मोटारीचं सामान मी भरीन.

माझे बाबा चंद्रभान नवरदेव म्हणून मान खाली घालून बसले होते. अकोटच्या एका ठेकेदाराची लॉरी ते चालवायचे. मेळघाटात बांबूतोडीचा तळ होता. तिथं जाताना ज्वारी-मीठ पोचवायचं आणि येताना बांबू भरून आणायचा, हे त्यांचं काम. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "भरा, मामाजी." आई पुढे म्हणायची की मला तेवढ्यावरच तो माणूस पटला. तोवर तिनं त्यांचं तोंडही धड पाहिलं नव्हतं.

हा हट्ट आला कुठून ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा तऱ्हेवाईक होता. होताच, पण या बाबतीत नाही. अडगावच्या गोवर्धन डायव्हरची लॉरी त्याच जंगलात एका खिळीपायी बसली होती. चाकाचा नट सुटू नये म्हणून त्यात घालतात ती, करंगळीहून लहान खिळी. त्याच्या पेटीत दुसरी खिळी होती. पण त्या पेटीत इतकं काय काय कोंबलेलं होतं की खिळी काही हाताला लागली नाही. मदत आणायला गोवर्धन पायी निघाला आणि एका वळणावर पिलंवाल्या अस्वलीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. जगला बिचारा, पण एक डोळा आणि अर्धा गाल तिथंच ठेवून आला. पुढे कोणीतरी ती पेटी जमिनीवर पालथी केली, तेव्हा खिळी तळाशी चिंधीत गुंडाळलेली सापडली. सगळ्या गावानं अस्वलीला शिव्या दिल्या. आबाजी एकटे म्हणाले, "अस्वलीचा काय दोष? पेटी कोनं भरली होती?"

तेव्हा माझी आई शकुन परकरात होती. डायव्हराचं स्थळ येईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण ते आलं, आणि आबाजींच्या डोळ्यांपुढे गोवर्धनचा गाल उभा राहिला.

लग्नाची हळद निघाली नाही तोच आबाजींनी जावयाला मळ्यात बोलावलं आणि विचारलं, "मोटर मोडते तं काय काय मोडते?" बाबांनी सांगायला सुरुवात केली. आबाजी म्हणाले, "तोंडानं नोको. मले मोडलेलं आणून दाखवा." मग बाबा अमरावतीच्या भंगारवाल्याकडून, अकोटच्या मिस्त्रीकडून मोडकं सामान पोत्यात घालून आणू लागले. फाटलेले पट्टे, जळलेले प्लग, पिचलेल्या नळ्या, आटे गेलेले बोल्ट. आबाजींनी ते सगळं वांग्याच्या वाफ्याच्या बांधावर एका ओळीत मांडलं आणि बी निवडायला बसावं तसे उकिडवे बसून कितीतरी दिवस ते न्याहाळलं. आजी पार्बताबाई भाकर घेऊन आली की विचारायची, "हे उगवन का?" आबाजी उत्तर देत नसत. आमच्या आजीच्या निम्म्या प्रश्नांना आयुष्यभर उत्तर मिळालं नाही, आणि तिलाही ते नको असायचं.

मग त्यांनी निकाल दिला. लाकडी पेटी बाद. खडकाळ वाटेवर पेटीत लोखंडावर लोखंड आपटतं, बोल्टाचे आटे जातात, आणि सगळ्यात बारीक वस्तू सगळ्यात खाली जाऊन बसते. सामान जाईल ते बांबूच्या करंडीत, जशी भाजी जाते तसं. करंडी दबते, हलते, धक्का खाते आणि आतल्याला लागू देत नाही. जॅक आणि स्प्रिंगच्या पाट्याचं पान तेवढं सीटखाली बांधायचं, बाकी सगळं करंडीत.

दुसरा निकाल याहून मोठा होता. बाबांच्या पेटीत सगळे पाने एका जागी, सगळे बोल्ट दुसऱ्या जागी, पट्टे तिसऱ्या. आबाजी म्हणाले, "हे तं दुकानदाराचं झालं. बाजारात बाई मेथी मागते तवा तिले पानं येगळी अन् देठं येगळी देता का? जुडी देता." तेव्हापासून एका मोडण्याची एक जुडी. पंख्याचा पट्टा, तो चढवायला लागणारा पाना आणि तिथला जादा बोल्ट, तिन्ही एकाच चिंधीत बांधलेले. पेट्रोलच्या नळीबरोबर तिचा पाना आणि भेग बुजवायला साबणाची वडी. प्रत्येक नट आपापल्या बोल्टावर चढवलेला. खिळ्या तर प्रत्येक जुडीत, जिथं लागत नाहीत तिथंसुद्धा. जी वस्तू नेहमी मोडते ती वर, वर्षातून एकदा मोडते ती खाली. मध्ये जुना कापूस, त्यावर मेणकापड, वर निंबाचा पाला, आणि पोत्याचं तोंड घालून करंडी अंबाडीच्या दोरीनं शिवायची. शिवून झालं की आबाजी बाबांना डोळे मिटायला लावून तशाच रचलेल्या दुसऱ्या उघड्या करंडीत हात घालायला सांगायचे. "पट्टा काढा." बाबांनी प्लग काढला की सगळं पुन्हा.

अकोटच्या मोटारअड्ड्यावर बाबांची फार थट्टा व्हायची. "चंद्रभान, आज सासऱ्यानं कोनती भाजी देल्ली?" असं विचारल्याशिवाय कोणी त्यांना चहा देत नसे. बाबा हसून सोडून देत. कारण त्या करंडीनं त्यांना दोन वर्षांत दहा-बारा वेळा जंगलातून सुखरूप बाहेर काढलं होतं, आणि थट्टा करणारे अधूनमधून त्याच करंडीतून पट्टा मागायला येत.

आता आबाजींच्या दोन खोडी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांनीच घडवलं. एक म्हणजे शिवलेली करंडी वाटेत उसवायची नाही. भाजीवाल्यांचा हा जुना दंडक आहे. उसवली की वारा शिरतो आणि माल मान टाकतो. लोखंडाला वारा लागून काय होणार? पण दंडक तो दंडक. बाबा करंडी तपासून घेत नसत, जशीच्या तशी सीटमागे ठेवत. दुसरी खोड पाण्याची. करंड्या शिवून ओळीनं मांडल्या की आबाजी तांब्यातून ओंजळ ओंजळ पाणी त्यांच्यावर शिंपडायचे. त्या हाताला चाळीस वर्षांची सवय होती, त्याला भाजी आणि लोखंड यांतला फरक कळायचा नाही. दोनदा त्यांनी सामानाच्या करंडीवरही पाणी मारलं होतं. मेणकापडामुळे निभावलं, पण तेव्हापासून बाबांची करंडी शेडच्या कोपऱ्यात, ओळीपासून दूर ठेवायची असं ठरलं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. महाशिवरात्र दोन दिवसांवर आली होती. वऱ्हाडात त्या दिवशी रताळ्याला जी किंमत येते ती वर्षभर येत नाही, म्हणून आबाजींनी अख्खा वाफा खणून काढला होता. आई बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा सरून आठवा लागला होता. पोटात मी होतो. म्हणजे या प्रसंगाला मी हजर होतो, पण साक्ष विचाराल तर माझी काही उपयोगाची नाही. पुढचं सगळं मी आबाजी, बाबा आणि आजी या तिघांकडून ऐकलेलं आहे, आणि तिघंही एकमेकांना खोटं पाडतात.

संध्याकाळी बाबा लॉरी घेऊन मळ्यात मुक्कामाला आले. पहाटे त्यांना तळावर जायचं होतं आणि बांबू तोडणाऱ्यांना सणासाठी खाली घेऊन यायचं होतं. आबाजींची बैलगाडी त्याच संध्याकाळी अकोटच्या बाजाराला निघणार होती. शेडमध्ये रताळ्यांच्या करंड्या ओळीनं मांडलेल्या, सगळ्या सारख्या, सगळ्यांच्या तोंडाला सारखीच अंबाडीची शिवण. सामानाची करंडी कोपऱ्यात.

आबाजींनी तांब्या उचलला. त्या दिवशी ओळ लांब झाली होती आणि तिचं टोक कोपऱ्याला भिडलं होतं. लोखंडावर पाणी उडायला नको म्हणून त्यांनी सामानाची करंडी उचलून ओळीच्या दुसऱ्या टोकापलीकडे, कोरड्या जागी ठेवली. मग शेवटची रताळ्याची करंडी कोपऱ्यात सरकवली आणि निवांत पाणी शिंपडलं. तेवढ्यात आजीनं काहीतरी विचारलं. आबाजींनी उत्तर दिलं नाही, पण डोक्यातलं मात्र निसटलं.

गाडीवान जानराव बैल जुंपून आला. "कोनत्या भरू?" त्यानं विचारलं.

"कोपऱ्यातली ठेव, जवाईची हाय," आबाजी म्हणाले. "बाकीच्या भर."

रताळी भरलेली करंडी लोखंडाहून काही हलकी नसते. जानरावानं बाकीच्या भरल्या. आबाजींना घेऊन गाडी अकोटला गेली, पहाटे कोपऱ्यातली करंडी घेऊन लॉरी सातपुड्याकडे गेली, आणि आबाजींच्या हातून जावयाच्या रक्षणासाठी रताळी रवाना झाली.

अकोटच्या भाजीबाजारात नत्थुजी अडत्या लिलाव करायचा. त्याची पद्धत अशी, की ओळीतली कोणतीही एक करंडी उचलायची आणि सगळ्यांसमोर तिची शिवण कापायची. आतला माल वरच्यासारखा निघाला की बोली सुरू. त्यानं जी करंडी उचलली तिची शिवण कापली, पाला बाजूला केला, मेणकापड उलटलं आणि आत हात घालून एक चिंधी बाहेर काढली. चिंधी सोडली तर आत बोल्ट, पाना आणि खिळी.

नत्थुजीनं बोल्ट वर धरला आणि विचारलं, "भगवंतराव, हे कोनतं वाण म्हनावं?"

लोक हसून हसून बेजार झाले. कोणी म्हणालं भाजायला जरा वेळ लागेल, कोणी म्हणालं उपासाला चालतं का ते भटजीला विचारा. आबाजी हसले नाहीत. नत्थुजी पुढे नेहमी सांगायचा की मी माणसाचं तोंड इतक्या लवकर पांढरं पडताना कधी पाहिलं नाही. त्यांना तिथं बाजार दिसत नव्हता. त्यांना दिसत होता त्यांचा जावई, घाटात बसलेल्या लॉरीमागे उभा राहून करंडी उसवताना. आणि मग पायी निघताना.

नत्थुजी चांगला माणूस होता, त्यानं हसणं थांबवून पाणी दिलं. आबाजींनी रताळी त्याच्या भरवशावर टाकली आणि जानरावाला बाजूला घेऊन म्हणाले, "घरी जाय. शकुनले काई सांगू नोको. म्हन बुवा बियाण्यासाठी थांबले."

"अन् तुमी?"

"मी हे देऊन येतो."

"कुठं, जंगलात? अवो, काई मोडलंच नसन तं?"

"नसन मोडलं तं परत घेऊन यीन," आबाजी म्हणाले.

जानरावानं त्यांना निदान ओझं कमी करायला सांगितलं. अर्ध्या जुड्या काढून ठेवा, मोडून मोडून किती मोडणार आहे. आबाजींनी करंडी पुढ्यात घेतली, एक जुडी काढली, परत ठेवली. दुसरी काढली, तीही परत ठेवली. कोणती सोडायची ते त्यांना ठरवता येईना. गोवर्धनची तर करंगळीहून लहान खिळी होती. शेवटी त्यांनी सगळ्या जुड्या होत्या तशा रचल्या, करंडी पुन्हा शिवली आणि भाड्याची खाचर, म्हणजे हलकी बैलगाडी, करून डोंगराच्या पायथ्याकडे निघाले.

पायथ्याला जंगलखात्याचा नाका होता. तिथं पोचेपर्यंत दिवस मावळला. नाकेदारानं सांगितलं की लॉरी सकाळी वर गेली, दिवसाउजेडी परत यायला पाहिजे होती, आली नाही. आबाजी तसेच वर निघाले, तर त्यानं हात धरून बसवलं. "म्हातारबा, आत्ता गेले तं तुमालेच शोधाले मानसं लागतीन," तो म्हणाला. रात्र आबाजींनी नाक्याच्या ओट्यावर करंडीला टेकून काढली. झोपले नाहीत. शंकराला एवढंच म्हणाले की जवायाले पायी निघायची बुद्धी देऊ नको. आमच्या घरात देवाकडे पुष्कळ मागणी झाली, पण कोणाला बुद्धी देऊ नको अशी तेवढी एकच.

उजाडलं. महाशिवरात्र होती, म्हणून नाकेदाराचा चहासुद्धा न घेता आबाजी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर करंडी अशा थाटात घाट चढू लागले. जन्मभर भाजी वाहिलेली मान होती ती, पण पन्नाशी उलटलेली होती. थोडं चालायचं, दरडीला करंडी टेकवायची, दम घ्यायचा, पुन्हा उचलायची. सागाची पानं गळून वाटेवर पसरलेली, पाऊल टाकलं की चुरचुर वाजायचं, आणि प्रत्येक आवाजाला त्यांना अस्वल आठवायचं. ते स्वतःला शिव्या देत चालले होते. करंडी हलवली, तर हलवल्याचं ध्यानात नको ठेवायला? जावयाला बैठकीत अट घातली, दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही, आणि ज्या हातावर भरवसा तोच हात नादान निघाला.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा समोरच्या वळणावरून एक माणूस एकटाच उतरताना दिसला. पायी. झपझप.

आबाजींचे पाय जागीच थांबले. लॉरी सोडून कोणीतरी मदतीला निघालं, याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. माणूस जवळ आला. तो बांबू तोडणारा कोरकू होता, हातात रिकामा डबा.

"मोटर?" आबाजींना इतकंच विचारता आलं.

"पीछे येऊन राहिली," तो म्हणाला. "चालते कमी, बसते जादा. पानी पीते लई. मी पानी पाह्याले चाललो."

"अन् डायव्हर?"

"तोच तं आनून राहिला."

आबाजींनी करंडी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. बसल्याबरोबर रडायला आलं. त्यांनी ते लपवलं नाही. आजी म्हणते म्हातारा कधी रडत नव्हता, पण आबाजी स्वतः मला सांगायचे की त्या दिवशी मी लेकरासारखा रडलो आणि मले लई बरं वाटलं. तो कोरकू डबा घेऊन तसाच उभा राहिला. त्याला वाटलं म्हाताऱ्यालाही पाणी हवं असेल, म्हणून तो ओढा शोधायला घाईनं निघून गेला.

थोड्या वेळानं वळणावर लॉरी आली. बॉनेट उघडं, नाकातोंडातून वाफ, आणि वर बांबूच्या भाऱ्यांवर बायामाणसं दाटीवाटीनं बसलेली. बैलगाडीहूनही हळू ती येत होती. बाबांनी वाटेत करंडीवर बसलेला सासरा पाहिला, लॉरी थांबवली आणि चाकाखाली दगड लावून धावत आले. बाबा वाकले ते पाया पडायला, पण आबाजींनी त्यांचं तोंडच दोन्ही हातांत धरलं. एक गाल पाहिला, मग दुसरा. दोन्ही जागेवर होते.

मग आबाजी जे पहिलं वाक्य बोलले त्यावरून आमच्या घरात आजही हसतात. ते म्हणाले, "रताळे दबले तं नाई ना?"

"एक बी नाई, मामाजी," बाबा म्हणाले.

घडलं होतं ते असं. तळावरून उतरताना भर घाटात पंख्याचा पट्टा तुटला. पंखा थांबला की मोटार तापते, तापली की बसते. बाबांना काळजी वाटली नाही. पट्ट्याची जुडी सगळ्यात वर असते हे त्यांना डोळे मिटूनही ठाऊक होतं. त्यांनी करंडी उसवायला घेतली. पण आबाजींची गाठ. ती भिजली की घट्ट होते, ओढली की आणखी बसते, आणि चांगली दोरी कापून वाया घालवायची नाही, ही मळ्याची शिस्त. खूप खटपट करून शिवण सुटली, बाबांनी पाल्यात हात घातला आणि एक भलंमोठं रताळं बाहेर आलं.

"पह्यले तं मी घाबरलो," बाबा आबाजींना सांगत होते. "मंग हासू आलं. म्हनलं मामाजीनं शिवरात्रीचा उपास आठोनीनं पाठोला."

"हासता काय. निघाचं नव्हतं ना तुमाले पायी?"

"निघालोच होतो."

आबाजींनी त्यांचा गाल पुन्हा एकदा पाहिला.

"दोन पावलं गेलो," बाबा म्हणाले, "अन् हातात पाह्यलं तं ते दोरी होती. तुमची. म्हनलं, जे दोरी माह्यानं सुटता सुटत नाई, ते इंजनानं कशी सुटन?"

मग ते परत फिरले. कोरकूंनी शेकोटी पेटवली, त्यात रताळी पुरली, आणि बाबांनी करंडीची सगळी दोरी उकलून तिपेडी वळली. तिची टोकं आबाजींनीच त्यांना कधीतरी शिकवलेल्या गाठीनं बांधली, वर पाणी मारलं आणि पंख्यावर चढवली. पहाट झाल्यावर लॉरी चालू केली. गाठ सुटली नाही. दोरी झिजत होती, तापत होती, मोटार थांबवावी लागत होती, पण पंखा फिरत होता.

आबाजी उठून बॉनेटपाशी गेले. तेलानं काळी झालेली ती दोरी त्यांनी बोटांनी चाचपली आणि गाठीवर अंगठा ठेवला. नंतर त्यांनी डोक्यावरून आणलेली करंडी उसवली. पट्टा, पाना आणि बोल्ट, एका चिंधीत, सगळ्यात वर. बाबांनी दोरी काढली आणि नवा पट्टा चढवला. लॉरीवरच्या बाया खाली उतरून सावलीत बसल्या.

"मी चुकलो, जवाईबुवा," आबाजी म्हणाले. "माह्या अटीचं आता काई नाई. पेटी तुमीच भरत जा."

बाबा पाना पुसत होते. त्यांनी वर न बघताच उत्तर दिलं. "मामाजी, चुकलेली करंडी बी तुमीच भरली होती. मले तं तिनंच आनलं खाली."

एका बाईनं राखेतलं भाजलेलं रताळं त्यांच्या हातावर ठेवलं. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. आपल्याच वाफ्यातलं, आपल्याच हातानं खणलेलं रताळं त्यांनी घाटाच्या कडेला बसून सालीसकट खाल्लं, आणि मग आणखी एक मागितलं.

परत येताना आबाजी जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसले. सामानाची करंडी मांडीवर घेतली होती. प्रत्येक खाचखळग्याला ते करंडीला घट्ट धरायचे, स्वतःला धरायचं त्यांना सुचलं नाही, त्यामुळे कपाळावर एक टेंगूळ घेऊन ते मळ्यात उतरले. आई दारात उभी होती. जानरावाच्या पोटात गोष्ट राहील अशी आशा करणंच चूक होतं; त्यानं आल्याबरोबर सांगितलं होतं की शकुनबाई, मले काई सांगू नोको म्हनले. आईनं बापाला पाहिलं, नवऱ्याला पाहिलं आणि आत जाऊन चुलीपुढे बसून रडली. मग बाहेर आली, करंडी ओढून घेतली आणि आपल्या जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून तिच्या कडेला बांधला.

"आता आंधळ्याले बी दिसन," ती म्हणाली.

त्या दिवसापासून सामानाच्या करंडीला लाल चिंधी असायची. आबाजींनी अट परत घेतली होती, पण पुढच्या खेपेला बाबा लॉरी घेऊन मळ्यात आले ते रिकाम्या हातानं, आणि पेटी आबाजींनीच भरायची म्हणून चुपचाप चिंचेखाली बसून राहिले. आबाजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग उठून करंडी भरली. तळाशी कापसात चार रताळी घातली. ती प्रथाही पुढे राहिली, आणि मोटारअड्ड्यावर आता थट्टा करणारे रताळी मागू लागले.

दोन महिन्यांनी मी झालो. बाराव्या दिवशी पाळणा टांगायची वेळ आली, तेव्हा आजीनं नवी कोरी रेशमी दोरी आणून ठेवली होती. आबाजी आत गेले आणि ती तेलकट, अर्धी झिजलेली अंबाडीची तिपेडी घेऊन आले. आजीनं पुष्कळ विचारलं की हे काय, लेकराला वास येईल, लोक काय म्हणतील. आबाजींनी नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही. पाळणा हलवायची दोरी म्हणून त्यांनी तीच बांधली. आई सांगते की मी दीड वर्षाचा होईपर्यंत माझ्या दुपट्यांना मोटारीच्या तेलाचा वास यायचा, आणि आबाजी रोज निजायच्या आधी येऊन ती गाठ एकदा ओढून बघायचे.